हुंबरथळच्या गाडीला नवा प्रोसेसर

भोर,
११ डिसेंबर २००५

मानसिंग,

हे पत्र तुला सगुणा वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. तेव्हा पहिलं वाक्य तिच्यासाठी. सगुणा, सावकाश वाच, आणि सासरा मध्येच "पुरं कर" म्हणाला तर पाणी प्यायला उठून जा, परत ये आणि पुढचं वाच.

परवा तुझा सोमनाथ इथं स्टँडवर भेटला. तहसील कचेरीत पुनर्वसनाच्या कागदासाठी आला होता. चहा घेता घेता त्यानं तुझ्या डोळ्यांचं सांगितलं. काचबिंदू. एक डोळा गेला, दुसऱ्याची नजर कडेनं आत आत सरकते आहे, आणि गेलेली परत येत नाही म्हणे. डॉक्टरांनी वर्षभराची मुदत सांगितलीय. पोरगा म्हणाला, "कमीच धरा, चाचा." मी यावर काही लिहिणार नाही. तुला कीव खपत नाही आणि मला ती लिहिता येत नाही.

आपण बोलत नाही त्याला बरेच पावसाळे झाले. हुंबरथळ धरणात गेलं, तुम्हाला फलटणकडं जमिनी मिळाल्या, सामानाचे ट्रक हलले, आणि त्या दिवशी भोरच्या स्टँडवर माइकवरून "हुंबरथळ गाडी आजपासून बंद करण्यात आली आहे" असं मी बोललो. तू समोर बाकावर होतास. तुझं म्हणणं, ते मी "पासली गाडी फलाटावर लागत आहे" म्हणतो त्याच आवाजात बोललो. खरं आहे. वाहतूक नियंत्रकाला दुसरा आवाज नसतो. माइक आणखी कुणाच्या हातात असता तरी वाक्य हेच असतं. तू बाकावरून उठलास तो पुन्हा भोरला आला नाहीस. मे महिन्यात पाणी उतरलं की सगळं हुंबरथळ देवाला येतं, तेव्हाही नाही.

असो. लिहायचं कारण वेगळं आहे.

माझी नात निलोफर. तू पाहिलीस तेव्हा ती दोन वेण्या घालून शाळेत जायची. आता ती इथल्या कॉम्प्युटर क्लासात शिकवते आणि राहिलेल्या वेळात गेम खेळते. पडद्यावर गाडी चालवायची, असा तो गेम. परदेशातला आहे, पण त्यात रस्ता आपला आपण बनवून घालता येतो. डोंगर उचलायचे, वळणं घालायची, घरं ठेवायची. तिनं पुण्याच्या पोरांसाठी दोन-तीन रस्ते केले, ती पोरं त्यावर शर्यती लावतात. मग एक दिवस मला म्हणाली, "दादा, तुमच्यासाठी कुठला करू?"

मी सांगितलं, भोर ते हुंबरथळ.

ते काम सुरू झालं आहे. तू पाहायला यावंस, एवढंच म्हणणं. सगुणा, हे वाक्य पुन्हा एकदा वाच.

तुझा
मन्सूर


भोर,
१९ फेब्रुवारी २००६

मानसिंग,

उत्तर नाही. ठीक आहे. खिडकीमागं इतकी वर्षं बसलेल्या माणसाला उशिराचं काही वाटत नाही. पासलीचा माणूस यायचा आणि विचारायचा, "गाडी कवा?" मी म्हणायचो, "येईल." एवढ्या एका शब्दावर नोकरी निभावली.

रस्ता झाला आहे. काल मी पहिल्यांदा त्यावर बसलो. म्हणजे खुर्चीत बसलो, गाडी निलोफरनं चालवली. परदेशी बस आहे, पण तिनं तिला आपला लाल रंग दिला आहे आणि कपाळावर पाटी लावली आहे, हुंबरथळ. पाटी वाचूनच माझं अर्धं काम झालं होतं.

पण मानसिंग, गाडी चालत नाही. म्हणजे चालते, थांबते, चालते. चढाला गियर न पडलेल्या गाडीसारखी. एक चित्र दिसतं, मग श्वास घेऊन सोडेपर्यंत तेच चित्र, मग पुढचं. तिला चालावी म्हणून पोरीनं एकेक ओझं उतरवलं. आधी पाणी काढलं, मग झाडं काढली, मग खाचरांतलं भात काढलं. बोडके डोंगर आणि उघडी घरं राहिली. तरी आचके द्यायची थांबेना.

मी विचारलं, "दोष कशात आहे?"

"प्रोसेसरमध्ये. म्हणजे मेंदू. आपला जुना आहे, दादा. त्याला एकट्याला सगळं करावं लागतं."

तिनं मला समजावलं ते मी तुला आपल्या भाषेत सांगतो. आत्ताच्या यंत्रात एकच माणूस आहे. गाडीही तोच हाकतो, तिकिटंही तोच फाडतो, घंटीही तोच मारतो. मग गाडी थांबणार नाही तर काय. येत्या जुलैत नव्या पिढीचा प्रोसेसर येतोय. त्यात एकाच तुकड्यावर दोन मेंदू, शेजारी शेजारी. ड्रायव्हर निराळा, कंडक्टर निराळा. पुण्याची सगळी गेम खेळणारी पोरं त्याच्या वाटेकडं डोळे लावून बसली आहेत. मासिकांत त्याचे तक्ते येतात, निलोफर ते कापून भिंतीला लावते. गंमत म्हणजे वेगाचा जो आकडा छापतात तो या नव्याचा जुन्यापेक्षा कमी आहे, आणि तरी तो पुढं जातो. तापतही कमी. आकडा कमी आणि चाल जास्त. मला हे फार आवडलं. चांगल्या कवितेत असंच असतं, अक्षरं थोडी आणि मजल लांबची.

तुला आठवतं का, मे महिन्यात आपण वरच्या यत्तेतल्या पोरांची मराठीची पुस्तकं मागून आणायचो? जून उजाडायच्या आत पुढच्या वर्षीच्या सगळ्या कविता वाचून व्हायच्या. गुरुजी शिकवायचे तेव्हा मजा अर्धी झालेली असायची. खरी मजा मे महिन्यातच. निलोफरचं आता तसं चाललं आहे. पुस्तक हातात नाही, पण कवितांची नावं पाठ.

मन्सूर


भोर,
५ एप्रिल २००६

मानसिंग,

तुझं कार्ड आलं. अक्षर सगुणाचं, शिव्या तुझ्या. तुझ्या वहिनीनं, नूरजहाँनं, दोनदा वाचून घेतलं. म्हणाली, "बरा आहे म्हणजे माणूस."

तू सांगितलेलं सगळं निलोफरला वाचून दाखवलं. "मन्सूर, तू आमचं गाव गाडीच्या खिडकीतून बगितलं. रस्त्याकडंची तोंडं तेवढी तुला ठावं. घरामागं काय हुतं ते म्या सांगंन तवा कळंल." यावर पोरगी म्हणाली, "मग सांगायला सांगा त्यांना." तेव्हा सांग. पाराच्या मागं गोठे किती सोडून विहीर, तुमच्या दारातला दगड कसा होता, ओढ्याला जायची वाट कुठून. सगुणाच्या हाताला त्रास, पण तिलाही सासर कधी नीट पाहायला मिळालं नसेल. ती आली आणि दोन वर्षांत पाणी आलं.

"गाडी धक्के देती म्हंतोस, तर एसटी हाय का न्हाई ती?" असंही तू लिहवून घेतलंस. निलोफर हसली, पण मग गंभीर झाली. तिनं एक प्रश्न माझ्यापुढं ठेवला आहे आणि तो तुलाही सांगायला हवा.

बाजारात आज जो चांगला प्रोसेसर मिळतो तो घेतला तर गाडी बऱ्यापैकी चालेल. झाडं थोडी येतील, भात नाही, पाणी नाही. येत्या आठवड्यात बसवता येईल. नाही तर जुलैपर्यंत थांबायचं आणि नवाच घ्यायचा, मग सगळं येईल, पानापानाची सावली येईल. दोन्ही घेणं होणार नाही.

"मानसिंग आजोबांच्या डोळ्यांना किती वेळ आहे?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, वर्ष सांगितलंय, चार महिने झाले.

"मग तुम्हीच ठरवा."

मी दोन दिवस नदीवर जाऊन बसलो आणि ठरवलं. थांबायचं. अर्धं बोडकं गाव तुला दाखवायचं आणि तू म्हणायचं, हे आमचं नव्हं, त्यात काय अर्थ. दाखवायचं तर असं की सकाळचं धुकं खाचरांवरून उठताना दिसावं. तुझ्या डोळ्यांना मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, "मला कशाला इचारतो?"

गोठ्यांचं लवकर कळव.

मन्सूर


भोर,
२८ मे २००६

मानसिंग,

पाणी उतरलं. काल हुंबरथळचे लोक देवाला आले होते. निलोफरला घेऊन मीही गेलो, तिला जोत्यांची मापं घ्यायची होती.

तू कधी आला नाहीस म्हणून सांगतो कसं असतं ते. गाळ वाळून त्याला भेगा पडलेल्या असतात, त्यावरून चालत खाली जायचं. घरं नाहीत, जोती आहेत. प्रत्येकजण आपापल्या जोत्यावर जाऊन बसतो, चटई टाकतो, डबा सोडतो. पाहुणे एकमेकांच्या जोत्यावर जातात, पायरीशी चपला काढतात. काढायचं तसं काही कारण नाही, सगळीकडं चिखलच. नैवेद्याच्या वेळी तुमचा गुरव गेनबा देवाच्या चौथऱ्यावर उभा राहतो आणि घराघराला हाक घालतो. त्या घरचा माणूस "हाय" म्हणतो. ज्या घरचं कुणी आलं नाही, त्याच्या नावानं खोबऱ्याचा तुकडा पाण्यात.

गेनबानं तुझ्या घराची हाक घातली. कुणी बोलेना. सोमनाथला शेताचं भरणं होतं, पाण्याची पाळी होती म्हणे.

मी म्हटलं, "हाय."

गेनबा वळून बघायला लागला. "चाचा, तुमी कवापास्नं मानसिंगाच्या घरातलं झाला?"

"शाळेतही मी त्याची हजेरी लावायचो," मी म्हटलं. "तेव्हा तो तुझ्याच बोरी पाडत असायचा."

लोक हसले. तुझ्या नावाचं खोबरं पाण्यात गेलं नाही. ते मला मिळालं, मी खाल्लं.

तुझ्या दारातला दगड जागेवर आहे. तू सांगितलास तसाच, मध्ये खोलगट. निलोफरनं त्याच्यावर हात फिरवून पाहिला आणि फोटो काढला. मग तिथं उभी राहून वर पाहत राहिली, काठाच्या खुणेकडं. डोंगराला पाणी जिथवर चढतं तिथं आडवी रेघ उमटली आहे, आंघोळीच्या घंगाळाला उमटते तशी. म्हणाली, "दादा, म्हणजे पाणी भरलं की आपण आत्ता केवढ्या खोल आहोत?" मी म्हटलं, पुष्कळ. तिला याचं काय वाटलं कळलं नाही.

जुलै आता फार लांब नाही.

मन्सूर


भोर,
१३ ऑगस्ट २००६

मानसिंग,

प्रोसेसर आला. म्हणजे जगात आला, भोरला नाही. जुलै सरता सरता तो बाहेर पडला, मासिकांनी त्याला डोक्यावर घेतलं, भिंतीवरच्या तक्त्यांत लिहिलं होतं त्याच्यापेक्षाही तो सरस निघाला म्हणे. निलोफरनं पेढे वाटले. नूरजहाँनं विचारलं, "कुणाला झालं?"

पुण्याला तपकीर गल्लीत, कॉम्प्युटरच्या दुकानांत, आम्ही दोनदा जाऊन आलो. दुकानदार म्हणतो, "माल कमी येतोय, पुढच्या आठवड्यात." मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. अगदी माझाच चेहरा. खिडकीच्या दुसऱ्या बाजूला मी पहिल्यांदाच उभा होतो. "नक्की?" मी विचारलं. "येईल," तो म्हणाला. मी अधिक विचारलं नाही. अधिक विचारून काही होत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक.

तुझं आषाढातलं पत्र फार थोडक्यात होतं. डोळ्यांचं विचारलं त्यावर एवढंच, "हाय तसंच हाय." सगुणा, हे खरं आहे का? नको, तू उत्तर देऊ नकोस, तो शेजारीच बसला असेल.

तुझी यादी मात्र संपत आली. विहीर, गोठे, कोंडिबाच्या घरापुढची चिंच, सगळं जिथल्या तिथं बसवून झालं आहे. निलोफर काम करत असते तेव्हा मी शेजारी बसतो, पण जुन्या यंत्रावर सगळं अजून उघडंबोडकंच दिसतं. मी तिला सांगितलं, नव्यावर घातल्यावर मला आधी दाखवू नकोस. पहिली फेरी मानसिंगबरोबर. "तोवर धीर धरवेल?" म्हणाली. मी म्हटलं, बाई, मी तेवढं एकच शिकलोय.

मन्सूर


भोर,
२६ सप्टेंबर २००६

मानसिंग,

आला. बसवला. निलोफरच्या खोलीचं दार बंद असतं आणि आतून गाडीचा आवाज येतो. न थांबता येतो. चढाला लागते, गियर बदलते, उताराला सुटते, मध्ये एकही आचका नाही. मी बाहेर ओसरीवर बसून ऐकतो. परवा तर मी नकळत पाय दाबला, ब्रेकचा.

पोरगी जेवायला येते तेव्हा डोळे चमकत असतात. विचारलं तर म्हणते, "सगळं घातलंय, दादा. जे जे काढलं होतं ते सगळं. तुम्ही बघाच." एवढंच.

तेव्हा ये. दसरा होऊन जाऊ दे, मग ये. आमचे रोजे सुरू आहेत, पण नूरजहाँ म्हणते, त्यांचा रोजा नाही, त्यांना जेवायला घालू. आंबेमोहर ठेवला आहे, माहेराहून विंझरचा. आठ ऑक्टोबरला रविवार आहे. सोमनाथला म्हणावं, शिरवळवरून येणारी सकाळची गाडी धर. तिला उशीर होतो, पण ती येते.

मन्सूर


भोर,
९ ऑक्टोबर २००६

सगुणा,

हे पत्र तुझ्या एकटीसाठी. ते सासऱ्याला वाचून दाखवायचं नाही. त्याला मी वेगळं लिहिलं आहे, ते याच पाकिटात आहे. त्यात प्रोसेसरची तारीफ आणि नूरजहाँचा निरोप आहे, ते खुशाल मोठ्यानं वाच. हे सोमनाथला मात्र दाखव.

काल ते दोघं आले. सोमनाथनं त्याला स्टँडवर माझ्या हवाली केलं आणि तो कुणा ओळखीच्याकडं गेला. मानसिंग गाडीतून उतरला, म्हणाला, "मन्सूर हाय का?" मी म्हटलं, समोरच तर उभा आहे. त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला आणि आम्ही घरापर्यंत तसेच चालत आलो. शाळेतून परत येताना तो असाच हात टाकून चालायचा. मला बरं वाटलं. वाटेत एका टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला तर त्याला चार शिव्याही दिल्या. मी म्हटलं, माणूस बदललेला नाही.

नूरजहाँनं ताट वाढलं. तो म्हणाला, "तुमी उपाशी आन् म्या गिळू व्हय?" ती म्हणाली, "रोजा आमचा आहे, भाऊजी, तुमचा नाही. भात गरम आहे तोवर जेवा." जेवला. वास घेऊन म्हणाला, "इंझरचा." पोटभर जेवला.

मग निलोफरनं त्याला पडद्यासमोर खुर्चीत बसवलं. मी शेजारी स्टुलावर. ती म्हणाली, "आजोबा, भोर स्टँडवरून निघते हं." आणि गाडी सुटली.

सगुणा, मला ते नीट सांगता येणार नाही. इतकी वर्षं गाड्या सोडल्या, पण त्या रस्त्यानं मी गेलो तो क्वचित, कामापुरता, ड्यूटी स्टँडवर. गाडी पाण्यावरून नाव जावी तशी जात होती. उत्रोलीच्या खाचरांत भात उभं होतं आणि ते वाऱ्यानं एका बाजूला झुकत होतं, मग परत सरळ होत होतं. झाडाची सावली आमच्या टपावरून सरकत जायची. खिंड आली. खिंड ओलांडली की खाली हुंबरथळ दिसतं.

खिंड ओलांडली आणि खाली पाणी होतं.

काठोकाठ. डोंगरावरच्या त्या आडव्या रेघेपर्यंत. गाडी उतारावर होती, रस्ता सरळ पाण्यात जात होता, आणि गाडी थांबली नाही, तशीच आत शिरली. काचेवरून पाणी वर चढलं. मग सगळं हिरवं झालं. वरून उन्हाच्या तिरप्या काठ्या खाली येत होत्या आणि त्या उजेडात पार होता, चिंच होती, घरं होती, सगळं मानसिंगनं लिहवून घेतलं होतं तसं, जिथल्या तिथं. आणि त्यावर पाणी हलत होतं.

निलोफर आनंदानं माझ्याकडं वळली. जुन्या यंत्राला जे पेललं नसतं ते हेच होतं. तिनं हुंबरथळ हे नाव माझ्या तोंडून "पाण्याखाली गेलेलं गाव" असंच ऐकलेलं. ती त्या गाडीत कधी बसली नव्हती. तिला वाटलं, मानसिंग आजोबांना सगळ्यात काय पाहावंसं वाटेल, तर आज त्यांचं गाव खाली कसं असेल ते. ती सगळं तयार करत होती तेव्हा मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण मला आधी दाखवू नकोस, हे मीच बजावलं होतं.

तिनं माझा चेहरा पाहिला. मग तिचाही उतरला. ती घाईघाईनं कळा दाबायला गेली, पाणी काढायला.

तेवढ्यात मानसिंग बोलायला लागला.

"आली का खिंड? चढ संपला न्हवं. आता पोरी, हळू घे. पार येईल. पारापाशी कोंबड्या आडव्या येत्यात. लई माजल्यात कोंबड्या, हॉर्नला दाद देत न्हाईत."

निलोफरचा हात तिथंच राहिला.

"ह्यो कोंडिबाचा वटा. मस्त ऊन पडलंय न्हाई? ह्या येळंला कोंडिबा बाज टाकून पडल्याला असतो. असंल बघ." तो हसला. "त्या चिंचंखाली बैल बांधल्यात का?"

पडद्यावर चिंचेखालून बुडबुडे वर जात होते.

आधी मला वाटलं, त्यानं डोळे मिटले आहेत. शाळेत तो कविता डोळे मिटून म्हणायचा. गुरुजींनी पहिली ओळ सांगायची, मग तो गाडी सोडल्यासारखा शेवटपर्यंत. पण डोळे उघडे होते, सगुणा. पडद्याच्या थोडे बाजूला, भिंतीकडं पाहत होते. खोलीभर हिरवा उजेड हलत होता, त्याच्या तोंडावरही हलत होता, आणि त्याला पाणी ठाऊक नव्हतं.

तो एकेक घर घेत गेला, क्रम न चुकता. निलोफरला कळलं होतं. तिनं पाणी काढलं नाही, काही केलं नाही, तिनं फक्त गाडी त्याच्या बोलण्यामागून नेली. तो म्हणाला "डावीकडं" तेव्हा डावीकडं. तो म्हणाला "हितं जरा थांब, बाया पानी घिऊन चालल्यात" तेव्हा थांबली, आणि त्या बाया निघून जाण्याइतका वेळ तिनं जाऊ दिला. तिच्या गालावरून पाणी येत होतं, पण हात स्थिर होते. नवा प्रोसेसर कसला झकास चालतो ते मी तेव्हा पाहिलं. एकही धक्का बसला नाही.

"बास," तो म्हणाला. "आलं घर."

गाडी उभी राहिली. समोर दाराचा दगड होता, मध्ये खोलगट.

"चल, उतरतो म्या," म्हणून तो खुर्चीतून उठला. उठताना त्यानं हात वर केला, दाराचा दांडा धरायला धरतात तसा. मी खांदा पुढं केला. तो धरून तो उतरला. मग म्हणाला, "लई झाक केलंस पोरी. समदं दिसलं." निलोफरनं वाकून त्याच्या पायाला हात लावला. आमच्यात तशी रीत नाही.

संध्याकाळी मी त्याला स्टँडवर सोडायला गेलो. पुन्हा खांद्यावर हात. या वेळी मला त्याचं वजन कळलं.

मी विचारलं, "कधीपासून?"

तो म्हणाला, "आषाढापास्नं."

एप्रिलमध्ये मी थांबायचं ठरवलं नसतं तर बोडकं का होईना, गाव त्याला दिसलं असतं. एवढं लिहून हा विषय संपवतो.

"घरात कुणाला ठावं न्हाई," तो म्हणाला. "घर पाठ झालंय, चालून जातं. सोमनाथला सांगू नगंस. कामं टाकून मला दवाखान्यांनी फिरवत बसंल. सांगनार न्हाईस न्हवं?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्याला दिसलं नाही. तोंडानं मी काहीच बोललो नाही, तेव्हा मी शब्द मोडला असं होत नाही.

तुमच्या परड्यातली विहीर उघडी आहे, असं सोमनाथ बोलता बोलता म्हणाला होता. तिला या आठवड्यात कठडा घालून घ्या. दुसरं सगळं नंतर. मानसिंगनं विचारलं, हे काय मध्येच काढलंय, तर वासरू पडता पडता वाचलं म्हणून सांग.

मन्सूरचाचा